दामल्यांच्या घरातली दारं

दामल्यांकडे बाथरूमला जायचं तर गाणं म्हणत जावं लागे. गाणं येत नसेल त्यानं रामरक्षा म्हणावी, पाढे म्हणावेत, पण तोंड बंद ठेवू नये, असा कुमुदताईंचा नियम होता. कारण बाथरूमला दार नव्हतं. बाथरूमलाच काय, पुढचं आणि मागचं दार सोडलं तर त्या घरात एकाही खोलीला दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्यांच्या खाचा होत्या आणि मध्ये कुमुदताईंच्या जुन्या साड्यांचे पडदे. हॉस्पिटलच्या वॉर्डात भल्याभल्यांना गप्प करणारा माझा नवरा त्या पडद्यामागे सतराचा पाढा मोठ्यानं म्हणताना मी स्वतः ऐकलाय. तोही चुकीचा.

हे घर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतलं. मधुकर दामले तिथल्या मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. कानावर पेन्सिल, खिशात फूटपट्टी, अंगात कायम तोच चॉकलेटी स्वेटर. आमच्यापैकी बहुतेक घरं डॉक्टरांची, त्यामुळे दामले आमच्यात थोडे वेगळे पडायचे. पण नव्यानं येणारं प्रत्येक मराठी माणूस आधी उतरायचं ते त्यांच्याकडेच. मी आले तेव्हा माझ्या नवऱ्याची ऑन-कॉल ड्यूटी होती. हीथ्रोवर मला घ्यायला नवरा नाही, एक अनोळखी टक्कल उभं. "मी दामले. वहिनी, चप्पल घालून आलात? बरं, असू दे," एवढं बोलून त्यांनी अंगातला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला. बाहेर बर्फगार पाऊस. माझी सूटकेस त्यांनी खुशाल फुटपाथवर सोडली, मला गाडीत बसवलं, हीटर लावला, काचेवरची वाफ पुसली आणि मग परत जाऊन सूटकेस आणली. मी घाबरून म्हटलं, अहो, कोणी नेली असती म्हणजे?

"आधी माणसं, मग सामान," दामले म्हणाले.

हे त्यांचं पालुपद होतं. मराठी मंडळाची पिकनिक असो, कोणाचं घर बदलणं असो, दामले गाडीच्या मागे उभे राहून हेच म्हणणार. त्यांच्या घरून उपाशी कोणी गेलेलं नाही. निघताना ते रस्त्यापर्यंत सोडायला यायचे आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत थांबायचे. थंडीत आम्हालाच लाज वाटायची, म्हणायचो, भाऊजी, जा हो आत. ते जायचे नाहीत.

मग ऐंशीच्या आसपास ती सरकारी पुस्तिका आली. अणुबॉम्ब पडला तर घरच्या घरी काय करावं याची. आम्ही सगळ्यांनी ती चाळली, एकमेकांना वाचून दाखवली, हसलो आणि फेकून दिली. दामल्यांनी पेन्सिल घेऊन वाचली. तिच्यात लिहिलं होतं की दारं बिजागऱ्यांवरून काढा, आतल्या भिंतीला तिरकी टेकवा, वर मातीच्या पिशव्या रचा आणि त्या आडोशात दोन आठवडे राहा. हे ऐन वेळी करायचं होतं. पण इशारा मिळणार चार मिनिटांचा. दामले म्हणाले, चार मिनिटांत दारं कोण काढणार? बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेले असतात. म्हणून त्यांनी ती आधीच काढली. मधल्या खोलीत आडोसा उभा राहिला. भारतातून येताना आणलेल्या सूटकेसेस बागेतल्या मातीनं भरून त्यावर रचल्या. आत पोहे, मेतकूट, लोणच्याची बरणी, पाण्याचे कॅन. तोंडाशी सरकवायला बाथरूमचं दार, त्याच्यावरचं टॉवेलचं हूक तसंच. जागा तिघांची. दामले, कुमुदताई आणि त्यांची मुलगी मंजू.

कुमुदताई वैतागायच्या. म्हणायच्या, बॉम्ब पडायच्या आधी मीच मरणार, थंडीच्या वाऱ्यानं. पण त्यांनी पडदे शिवले आणि संसार चालू ठेवला.

आम्ही दामल्यांची चेष्टा करत असू, पण त्यांना त्या सगळ्या प्रकरणातलं कळत होतं, हे मान्य करायला हवं. एका गणपतीला मुलांचा नाच आणि आरती यांच्या मध्ये त्यांना दहा मिनिटं दिली होती. त्यांनी अमेरिका आणि रशिया समजावले ते असे: हे दोन व्याही. महायुद्धात एका पंगतीला जेवले, एकमेकांना आग्रह केला, आणि हात धुवायच्या आधीच रुसवाफुगवी सुरू. जर्मनीच्या मधोमध पडदा लावून दोघं दोन बाजूंना बसले. आता एकानं शंभर माणसं आणली की दुसरा दीडशे आणणार, यानं दीडशे आणली की तो दोनशे. मांडव कोणाचा, पाहुणे कोण, याच्याशी दोघांना काही देणंघेणं नाही. "आणि मांडव आपला आहे," दामले म्हणाले. तेव्हा बर्कशायरच्या तळावर अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रं आली होती. मॉस्कोत म्हातारे पुढारी एकामागून एक मरत होते आणि रात्रीच्या बातम्या लावायला नको वाटायचं. मग दामल्यांनी सायरन ओळखायला शिकवला. चढतो आणि उतरतो तो हल्ल्याचा, सरळ एका सुरात वाजतो तो संकट टळल्याचा. दोन्ही त्यांनी तोंडानं वाजवून दाखवले. पुढच्या रांगेतली दोन पोरं रडायला लागली आणि अध्यक्षांनी घाईनं आरती सुरू केली.

ती पुस्तिका येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा कुमुदताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शनिवारची दुपार. आम्ही वीसेक बायका, काळ्या साड्या, वर कार्डिगन. नवरे मंडळी आम्हाला सोडून गेलेली. दामले मात्र अशा दिवशी पळून जायचे नाहीत. सगळ्यांचे कोट वरच्या बेडवर नेऊन ठेवायचे आणि चहा त्यांच्याकडे असायचा. कुमुदताई तबक घेऊन फिरत होत्या, निम्म्या बायका झाल्या होत्या. तेरा वर्षांची मंजू वाटीतून तिळगूळ देत होती.

आणि सायरन वाजला. चढणारा, उतरणारा.

आम्हा सगळ्यांना तो लगेच कळला, कारण आम्ही तो दामल्यांच्याच तोंडून ऐकला होता. कोणी किंचाळलं नाही. हातातला तिळगूळ हातात राहिला. दामले स्वयंपाकघरातून आले, हातात चहाचं गाळणं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, पिकनिकला माणसं मोजायचे तशीच. मग म्हणाले, "कुमुद. मंजू. चला."

कुमुदताई म्हणाल्या, "अहो, घरात माणसं आहेत."

दामल्यांनी मंजूचा दंड धरला. वाटी पडली, तिळगूळ कार्पेटभर झाला. ते मंजूला घेऊन आडोशात शिरले आणि त्यांनी बाथरूमचं दार आतून ओढून घेतलं.

आम्ही बाहेर. मधल्या खोलीत दाटीवाटीनं उभ्या, त्या मातीच्या सूटकेसेसकडे पाहत. बाहेर सायरन आणि दारामागून मंजूचा आवाज, अगदी साधा, "बाबा, आई बाहेर आहे." पुन्हा, "बाबा, आई बाहेर आहे." एवढंच ती म्हणत राहिली.

कुमुदताई त्या दाराकडे पाहत होत्या. किती वेळ ते सांगता येणार नाही, तेव्हा वेळ कळतच नव्हता. मग त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "शालिनी, तुझं राहिलंय ना?" त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू नाकावर सांडलं. मग पुढचीला लावलं. मग तिच्या पुढचीला. तेवढ्यात मागच्या दारातून शेजारची डोरोथी आली, सपाता घालून. म्हातारी, एकटी राहायची. महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले ते तिनं ऐन विशीत पाहिले होते. एकटीनं बसून राहावंसं वाटलं नाही म्हणून आले, म्हणाली. कुमुदताईंनी तिलाही ओळीत उभं केलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. डोरोथीचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सायरन मध्येच थांबला. सरळ सुराचा काही वाजला नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. कोणीतरी स्वयंपाकघरातला रेडिओ लावला तर फुटबॉलचे स्कोअर चालू होते, नेहमीच्या त्या संथ आवाजात. तेव्हा कळलं की काही झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात लोकल पेपरात चार ओळी आल्या, यंत्रात बिघाड म्हणून.

मग बाथरूमचं दार सरकलं. आधी मंजू आली. ती आईकडे गेली नाही, खाली बसून सांडलेला तिळगूळ वेचायला लागली. मागून दामले आले, रांगत. टकलावर माती, गुडघ्यांना माती. गाळणं अजून हातात. स्वयंपाकघरात चहा उतू जाऊन जळका वास सुटला होता.

आम्ही काय केलं? "तिळगूळ घ्या, गोड बोला," असं म्हणालो. त्यांना, एकमेकींना. इतकं गोड आम्ही जन्मात बोललो नसू. चहा उतू गेला वाटतं, जाऊ द्या हो, आता उशीरच झाला, असं म्हणत आम्ही स्वतःच वर जाऊन आपापले कोट घेतले. दामले सवयीनं रस्त्यापर्यंत यायला निघाले. आम्ही म्हणालो, अहो कशाला, राहू द्या, थंडी आहे. ते दारातच थांबले. ज्या माणसानं मला अंगातला कोट काढून दिला होता, त्याच्या तोंडाकडे मला पाहवत नव्हतं.

त्यांना कोणी काही म्हणालं नाही. हीच तर आमची रीत. भांडलो असतो, दोन शब्द सुनावले असते तर त्यांना रडता तरी आलं असतं. आम्ही फक्त बोलवायचं कमी केलं. नवीन कोणी येणार असलं की हीथ्रोवर दुसरं कोणीतरी जायचं. दामल्यांना कशाला त्रास, असं म्हणायचं. आम्हाला त्यांची लाज वाटत होती, आणि आपल्याला त्यांची लाज वाटते याची आणखी लाज वाटत होती. कारण ते दार माझ्या घरात असतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नव्हतं. आम्हा वीस जणींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. दामल्यांना पाहिलं की तो प्रश्न समोर यायचा, म्हणून आम्ही दामल्यांना पाहायचं टाळलं.

गोष्ट मात्र फिरली. लंडनमधल्या एजवेअरला एका मुंजीत एका गृहस्थांनी ती मलाच सांगितली, हसत हसत, मीठमसाला लावून. बायकोला ढकललं म्हणे, आणि लोणच्याची बरणी तेवढी आत घेतली. मी ताडकन म्हणाले, असं काही झालेलं नाही, मी होते तिथे. मग काय झालं, त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की खरं सांगितलं तरी ते काही फारसं बरं नाही. मी जिलबी घ्यायला उठले.

कुमुदताईंनी घरी हळदीकुंकू करणं बंद केलं. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, पण मंजू घरात असली तरी नसल्यासारखी झाली. आडोसा तसाच राहिला. मोडायची दामल्यांची हिंमत होत नव्हती आणि ठेवायचीही नव्हती. वसंतात त्यांनी मागच्या बागेत खड्डा खणायला घेतला. एकदा माझ्या नवऱ्याला रस्त्यात गाठून त्यांनी विचारलं की वीस-बावीस माणसं दोन आठवडे एका बंद खोलीत राहिली तर हवा किती लागेल. नवरा घरी येऊन जेवला नाही. शनिवार-रविवार दामले खणत राहिले, आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा. कॉव्हेंट्रीची जमीन चिकण. खड्ड्यात पाणी साचलं, बेडूक झाले. ते बादलीनं उपसायचे, पुन्हा पाऊस यायचा.

त्यांच्याशी पहिल्यासारखी राहिली ती एक डोरोथी. रोज मागच्या दारानं यायची, थालीपीठ खायची, बेडकांची चौकशी करायची. तिनं दामल्यांना एकदा सांगितलं की बॉम्ब पडले त्या रात्री तिचे वडील सगळ्यांना टाकून पळाले होते. गल्लीच्या कोपऱ्यावरून परत आले. सकाळी आईनं त्यांना अंडं उकडून दिलं, विषय संपला. तिला वाटलं, एवढं ऐकून यांचं मन हलकं होईल. हे मला कुमुदताईंनी सांगितलं. दामले एवढंच म्हणाले, "ते परत आले होते."

मग बर्लिनची भिंत पडली. टीव्हीवर लोक भिंतीवर चढून हातोडे मारत होते, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. माझा नवरा म्हणाला, चल, दामल्यांकडे जाऊ. कितीतरी वर्षांनी आम्ही त्या घरात गेलो. दामले टीव्हीपुढे बसले होते, कानावर पेन्सिल होती, स्वेटरची कोपरं विरली होती. कुमुदताई म्हणाल्या, "आता तरी ती दारं लावा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दारं परत चौकटींवर चढवली. पण इतकी वर्षं मातीच्या भारानं ती वाकली होती. एकही नीट लागेना. रंधा मारला असता तर बसली असती, आणि दामल्यांसारख्या माणसाला ते काही जड नव्हतं. त्यांनी रंधा मारला नाही. त्यामुळे दारं आली तरी बाथरूममध्ये गाणं म्हणावंच लागे. सूटकेसेसमधली माती खड्ड्यात गेली आणि उन्हाळ्यात तिथे मेथी आली, जुडीच्या जुडी. डोरोथीला ती कडू लागायची, तरी न्यायची.

सोव्हिएत झेंडा उतरवला तो नाताळच्या दिवशी. बातम्यांत दाखवलं तेव्हा योगायोगानं मी त्यांच्याकडे होते, कुमुदताई स्वयंपाकघरात. दामले म्हणाले, उठून गेला की एक व्याही. मी हसले, जुन्या आठवणीनं. त्यांना हसू आलं नाही. जरा वेळानं टीव्हीकडेच पाहत ते म्हणाले, "वहिनी, एक सांगू? त्या दिवशी आत बसलो होतो ना, आणि सायरन थांबला. तेव्हा माझ्या मनात आलं, पडू दे. पडला तर बरं. म्हणजे मग मी चुकलो नाही."

माणूस स्वतःविषयी इतकं वाईट सांगतो तेव्हा नाही हो म्हणणं खोटं आणि हो म्हणणं क्रूर. मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेले.

नव्वदीच्या शेवटी आमचं मँचेस्टरला जायचं ठरलं होतं, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी मंजूचा फोन आला. तीही मँचेस्टरलाच, हॉस्पिटलमध्ये फिजिओ, लग्न झालेलं, कडेवर दहा महिन्यांचा मुलगा. कॉव्हेंट्रीला ती जेमतेम नाताळापुरती यायची. तिचं मराठी तिचंच होतं. म्हणाली, "शालिनीमावशी, बाळाची बोरन्हाण करायची आहे. आईच्या घरात. त्या दिवशीच्या सगळ्या मावशींना बोलाव." मी विचारलं, सगळ्यांना? ती म्हणाली, "हो. बाबाला मी सांगितला आहे. तो काही बोलला नाही, पण पुढचा दार रंगवतोय."

जमल्या बऱ्याच. कोणाचे केस पांढरे, कोणाचे गुडघे गेलेले. डोरोथी काठी टेकत आली. मधल्या खोलीत, जिथे आडोसा होता तिथे, पाट मांडला होता. हलव्याचे दागिने घालून बाळ मध्ये बसलं. बोरं इथे कुठली मिळायला, चुरमुरे, द्राक्षं आणि रंगीत गोळ्या त्याच्या डोक्यावरून ओतल्या. बाळानं एक द्राक्ष उचलून डोरोथीला दिलं. कुमुदताई तबक घेऊन फिरत होत्या. या वेळी मध्ये काही वाजलं नाही.

दामले घरात नव्हते. मी पाहिलं तर पुढच्या दारात उंबऱ्याबाहेर उभे. एका पायानं दार उघडं धरलेलं, अंगात नुसता तो विरलेला स्वेटर. बाहेर भुरुभुरु बर्फ. येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी या, आत या म्हटलं होतं आणि स्वतः तिथेच थांबले होते. मंजू एकदा येऊन त्यांच्याकडे पाहून गेली. मी वर जाऊन बेडवरच्या ढिगातून माझा कोट काढला आणि खाली येऊन त्यांच्या खांद्यावर टाकला. बायकी, फुलांचं अस्तर असलेला. त्यांनी तो राहू दिला.

"भाऊजी, आत चला," मी म्हणाले. "सगळ्या आल्यात."

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "अजून कोणी आलं तर."

रस्त्यावर कोणी नव्हतं. मी आत जाऊन बसले. थोड्या वेळानं मंजू बाळाला कडेवर घेऊन त्यांच्या शेजारी उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. घरातली सगळी ऊब त्या दारातून बाहेर जात होती, आमचे पाय गारठले होते, डोरोथीनं शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. दार लावा, असं कोणीच म्हणालं नाही.